रिकाम्या हातांची येळवस

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक पाठीचा कणा उभा असतो. २०२४ सालच्या पावसाळ्यापासून मी तो इतक्या वेळा पाहिला की, त्याचे मणके मला माझ्या हजेरीपटातल्या नावांसारखे पाठ झाले. मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच. माझे भांडण कमरेच्या चौथ्या आणि पाचव्यामधले.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तपासणी होती. ऑपरेशनला सहा आठवडे होत आले होते. डॉक्टरांनी पाय वर उचलून पाहिला, अंगठा दाबून पाहिला, टाक्याची जागा पाहिली आणि "छान" म्हणाले. मी धीर करून विचारले, "येळवसला गावी जाऊन येऊ का? मुलांना सुट्टी आहे. मुडबीला."

डॉक्टरही आपल्याच भागातले. ते हसले. म्हणाले, "जा की. पण चार अटी. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. वाकायचं नाही. कंबर पिळवटायची नाही. आणि दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. अंबील प्या, पण बिंदगं उचलू नका."

सौ. शेजारी बसली होती. तिने शेवटची अट माझ्याकडे बघत मनात लिहून घेतली, हे मला दिसले.

थोडे मागे जायला हवे. त्या जुलैत माझा डावा पाय दुखू लागला. आधी वाटले, वर्गात उभे राहून राहून दुखतो आहे. मग कमरेपासून पोटरीपर्यंत विजेची तार ओढल्यासारखी कळ यायला लागली. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव. नाव देणाऱ्याची नजर किती पक्की होती, ते मी आरशात पाहून ठरवले. दोन मणक्यांमध्ये जी मऊ चकती असते, तिचा गाभा बाहेर सरकून नसेवर दाबतो, हे तिचे कारण आहे हे मात्र वैद्यकाला फार उशिरा कळले. १९३४ साली बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या पुराव्यानिशी मांडले. म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी जगाला याचा नीट पत्ताही नव्हता. गावात ज्याला 'चमक भरली' म्हणत आणि पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत, त्यात असे किती जण असतील कोण जाणे.

चकती सरकलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. विश्रांती, औषध आणि व्यायामाने काही आठवड्यांत आराम पडतो, हेही इथे सांगून ठेवतो. नाहीतर हा लेख वाचून कुणी घाबरायचे. माझे तसे झाले नाही. ऑक्टोबरात पायातली चप्पल निसटू लागली आणि निसटलेली मला कळेना. अंगठा वर उचलला जाईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही.

आता सहलीकडे येतो. मुलांना त्या सुट्टीत हंपी दाखवायचे मी कबूल केले होते. हंपीचे दगड आणि पायऱ्या आठवूनच माझ्या कमरेत कळ आली. तेव्हा हंपी रद्द, मुडबी पक्की. धाकटा सातवीत आहे. तो म्हणाला, "मुडबी म्हणजे काही ट्रिप नव्हे, अप्पा. ते आपलं घरच आहे." त्याच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मोठी अकरावीत. ती काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुडबी बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या बाजूला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड-जहिराबाद आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात. माझी आई निलंग्याकडची, त्यामुळे एका रात्रीत तिचे माहेर परराज्यात गेले, असे आजी सांगायची. सौ. आळंदकडची, शुद्ध कानडी घरातली. आमच्या घरात रागवायचे असले की कानडी आणि समजूत काढायची असली की मराठी. कधी उलटेही होते.

शनिवारी, २८ डिसेंबरला सकाळी भाड्याची गाडी करून कलबुर्गीहून निघालो. पुढची सीट मागे झुकवलेली, कमरेमागे उशी, कमरेला पट्टा. मांडीवर मोबाईल, त्यात अर्ध्या तासाचा गजर. गजर वाजला की गाडी थांबायची, मी आधी दोन्ही पाय एकदम बाहेर काढायचे, मग हाताने दार धरून उठायचे, आणि पाच-सात मिनिटे रस्त्याकडेने चालायचे. हे सगळे सौ.ने धाकट्याकडे सोपवले होते. तो गजर वाजायच्या आधीच "टाइम!" म्हणून ओरडायचा. स्पीडब्रेकर लांबून दिसला की ड्रायव्हरला सांगायचे कामही त्याचेच. आपल्या रस्त्यांवर ही नोकरी अर्धवेळेची नाही.

पहिल्या थांब्यापर्यंत त्याला मजा वाटली. दुसरा थांबा कमलापूरला घेतला. तिथली तांबडी केळी तुम्हाला माहीत आहेतच, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. मी वीस वर्षे या रस्त्याने जाऊन-येऊन आहे आणि केळी नेहमी गाडीच्या खिडकीतून घेतली आहेत. या वेळी खाली उतरून, हातगाडीपाशी उभे राहून खाल्ली. केळीवाल्या बाईने माझ्या पट्ट्याकडे पाहून कानडीत विचारले, "टोंकाला काय झालं?" मी सांगितले. तिने स्वतःच्या नवऱ्याची, दिराची आणि एका म्हशीची अशी तीन दुखणी सांगितली. म्हैस बरी झाली म्हणे.

तिसरा थांबा कुठल्याशा लहान गावाच्या वेशीबाहेर आला. गजर वाजला म्हणून उतरलो एवढेच. चालता चालता धाकट्याने विचारले, "अप्पा, हा देव कुठला?" पिंपळाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. तो देव नव्हता, वीरगळ होती. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, पायाशी गाई. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगापुढे हात जोडून तोच माणूस. गाई सोडवताना मेलेल्या कुणाची तरी आठवण. मी वर्गात वीरगळ शिकवतो, फळ्यावर चौकटी काढतो. आणि माझ्या घरच्या रस्त्यावरची ही वीरगळ मी कधी पाहिलीच नव्हती, कारण तिथे गाडी कधी थांबली नव्हती. धाकटा खाली बसून गाई मोजू लागला. मला खाली बसता येईना. मी उभ्यानेच सांगत राहिलो, तो बोटाने दाखवत राहिला. पुढच्या थांब्याला त्याने गजराची वाट पाहिली नाही. "इथं थांबूया, तिथं दगड आहे" म्हणाला. तो नुसता मैलाचा दगड निघाला.

इथपर्यंत सगळे बरे चालले होते.

मुडबीला गाडी दारात थांबली. आई ओट्यावर उभी, अण्णा आणि वहिनी पायऱ्यांवर, समोरच्या घरातले दोन म्हातारे आपल्या बाजेवर. ड्रायव्हर डिकी उघडून फोनवर बोलायला बाजूला गेला. मोठीने पुढे होऊन थोरली बॅग ओढली. बॅग अडकली. ती दोन्ही हातांनी ओढते आहे आणि मी, तिचा सव्वा पाच फुटी बाप, हात लोंबकळत ठेवून शेजारी उभा. समोरच्या म्हाताऱ्यांपैकी एक जण काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. मी माझ्या मनाने ऐकले ते वेगळेच असावे. मी तिला बाजूला केले, वाकलो आणि बॅग उचलून खाली ठेवली.

तेवढेच. दोन सेकंदांचे काम. कमरेत काहीतरी सुईसारखे टोचले आणि गेले. सौ. मागच्या सीटवरून पिशव्या काढत होती. तिने पाहिले नाही. मोठीने पाहिले. तिने माझ्याकडे बघितले, मी डोळ्यांनीच तिला गप्प केले.

ओट्यावर चढून आईच्या पाया पडायला गेलो आणि मध्येच थांबलो. वाकायचे नाही. मिनिटभरापूर्वी बॅगेसाठी वाकलो होतो, आईच्या पायांसाठी मात्र नियम आठवला! आईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "उभाच ऱ्हा बाळा. उभा हाईस ते बघितलं, बास झालं."

त्या रात्री झोप आली नाही. अण्णाने पलंगावर गादीखाली फळी घालून ठेवली होती, उंचीही बरोबर केली होती. तरीही कुशीवर वळताना कमरेत ठणका. मी अंधारात डाव्या पायाचा अंगठा वर उचलून बघू लागलो. उचलला. खाली. परत उचलला. खरेच उचलला की मला तसे वाटले? पायाच्या बोटांना चादरीचा स्पर्श होतो आहे की नाही? पुन्हा चप्पल निसटू लागली तर? पुन्हा ते ऑपरेशन, पुन्हा रजा, पुन्हा मुलांच्या फीची ओढाताण? ऑपरेशनच्या आधीही मला एवढी भीती वाटली नव्हती. तेव्हा जे झाले ते माझ्या हातून झाले नव्हते. दोनच्या सुमारास अंधारातून आवाज आला, "री, एनायितु?"

मी म्हणालो, "काही नाही. झोप."

"बॅग उचललीत ना?"

मोठीने सांगितले होते. मी गप्प राहण्याचा हुकूम केला होता आणि तिने तो मोडला होता. सौ. रागावेल, कानडीत सुरू होईल असे वाटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मराठीत म्हणाली, "सहा आठवडे मी तुमच्या पायात मोजे घातलेत. मला लाज वाटली नाही. तुम्हाला पोरीनं बॅग उचलायची लाज वाटते?"

याला काय उत्तर द्यायचे?

रविवारी सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ओळीने प्रश्न विचारले. पायातली ताकद कमी झाली का? लघवी अडकते का, किंवा नकळत होते का? दोन्ही मांड्यांच्या मधल्या, बसण्याच्या जागेला बधिरपणा आहे का? ताप? टाक्यातून पाणी? मी सगळ्याला 'नाही' म्हणालो. "यातलं एक जरी 'हो' असतं तर आता लगेच निघून या म्हटलं असतं, सण असो की काही असो," ते म्हणाले. मणक्याचे ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घरात हे प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावेत असे मला वाटते. पुढे त्यांनी दिवसभर बहुतेक पडून राहायला, मध्ये मध्ये घरातल्या घरात चालायला सांगितले, आणि फोन सौ.कडे द्यायला लावला. त्या दोघांचे बोलणे कानडीत झाले. ते मी इथे देत नाही.

म्हणजे सहलीचा दुसरा दिवस मी आमच्या माजघराच्या आढ्याकडे बघत काढला. बसवकल्याणला जायचा बेत होता, तो पुढे गेला.

पडल्या पडल्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. आमच्या घरचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवे बसायचा. मला ते शक्य नव्हते, आणि हा विषय फोनवर काढायचा मला संकोच वाटला होता. अण्णाने मात्र आमच्या येण्याआधीच सुताराकडून एका लाकडी खुर्चीची बैठक मधोमध कापून घेतली होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि पायांना रबर लावले होते. त्याविषयी तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मीही बोललो नाही. आम्हा भावांचे असेच आहे.

दुपारी जेवणाची पंगत बसली. सगळे खाली पाटावर, मी एकटा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशी. लग्नात मानाचा पाहुणा वेगळा बसवतात तसे. आई जेवली नाही. मी जेवेपर्यंत टेबलाला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, "तू बस ना गं." ती म्हणाली, "तू वर बसलास, मी खाली बसले तर तुला वाढायचं कसं?" तिच्याही गुडघ्यांनी केव्हाच जबाब दिला आहे. पंगतीत तिला उठबस करायला किती त्रास होतो, हे मला त्या दिवशी टेबलाच्या उंचीवरून पहिल्यांदा दिसले. संध्याकाळी अण्णाला सांगून शेजारून आणखी एक खुर्ची आणवली. रात्री आई आणि मी टेबलावर जेवलो. तिने आधी खूप आढेवेढे घेतले, मग म्हणाली, "बरं वाटतंय की रं हे."

बाहेर अंगणात येळवसची तयारी चालली होती. वहिनी आणि सौ. भाज्या निवडत होत्या. वाल, वाटाणा, हरभरा, तूर, वांगी, गाजर, मेथी, हिरवी चिंच. भज्जीला किती प्रकार लागतात याची गणती दोघींची कधी जुळत नाही. ज्वारीचे पीठ ताकात कालवून अंबील लावलेली होती, तिला लसणाचा वास सुटला होता. सगळ्यांचे हात चालू आणि माझे दोन हात पोटावर. आमचा मुलूख बसवण्णांचा. इथे कायक, म्हणजे घाम गाळून केलेले काम, हीच पूजा. अशा गावात माजघरात पडून आढे मोजणाऱ्या माणसाला काय वाटते ते तुम्ही समजू शकाल.

सोमवारी ३० डिसेंबरला अमावास्या. येळवस. कानडीत एळ्ळ अमावास्या, एळ्ळु म्हणजे तीळ. तिची मराठीत झाली येळवस, आणि पुढे शिकल्यासवरलेल्यांनी तिला वेळ अमावास्या करून टाकली. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. शेतात कडब्याची कोप करायची, तीत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, नैवेद्य दाखवायचा, आणि रानात चौफेर अंबील शिंपडायची. आमचे कानडी भाऊ त्याला चरगा म्हणतात. लातूरकडचे मराठी लोक शिंपडताना जी आरोळी देतात तिचे शब्द मूळचे कानडी आहेत. अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो, आवाज मात्र सगळ्यांचा मोठा असतो.

आमच्या घरची रीत अशी की, शेतावर जाताना पुढे अण्णा नैवेद्याची पाटी घेऊन आणि त्याच्या मागे मी अंबिलाचे बिंदगे डोक्यावर घेऊन. वडील होते तोवर बिंदगे त्यांच्या डोक्यावर असायचे. त्यांच्यानंतर ते माझ्याकडे आले. वर्षातून एकदा मुडबीचा हा प्राध्यापक शेतकऱ्याचा मुलगा होतो तो त्या बिंदग्याखाली. गेली अकरा वर्षे एकदाही चुकले नव्हते.

सकाळी अण्णा वहिनीला म्हणाला, "बिंदगं गड्याकडं देऊ." मी मान हलवली. तेवढ्यात मोठी अंघोळ करून आली आणि म्हणाली, "मी घेते."

वहिनी हसली. "डोक्यावर कधी घेतलंस का गं बाई?"

"नाही."

"मग?"

"मग शिकवा की."

वहिनीने जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिच्या डोक्यावर ठेवली. बिंदग्याला नवे कापड गुंडाळले होते. दोघींनी ते उचलून तिच्या डोक्यावर टेकवले. मी दारात, वडिलांची काठी धरून उभा होतो. माझे हात आपोआप वर गेले, धरायला. सौ. हळूच म्हणाली, "हगूर." उत्तर कर्नाटकातल्या कानडीत हा शब्द 'हळू' आणि 'हलके' या दोन्ही अर्थांनी वापरतात. ती कोणाला म्हणाली, मला की मोठीला, ते कळले नाही. मी हात खाली घेतले.

शेत घरापासून दीडेक किलोमीटर. बैलगाडी नको, ट्रॅक्टर नको, मोटारसायकल तर नकोच, हादरे बसतात. चालणे मात्र मला मोकळे होते. अण्णाने पहाटेच जाऊन वाटेत दोन ठिकाणी प्लास्टिकच्या उंच खुर्च्या ठेवून दिल्या होत्या, एक बाभळीखाली आणि एक विहिरीपाशी. येणारे-जाणारे विचारत होते, या खुर्च्या कुणाच्या सभेच्या? काळ्या रानातली ती पायवाट, दोन्हीकडे गुडघ्यावर आलेली ज्वारी, कुठे तूर काढणीला आलेली, कुठे हरभऱ्याला घाटे. मी इतकी वर्षे या वाटेने डोक्यावर ओझे घेऊन, समोर नजर ठेवून, तोल सांभाळत गेलो आहे. रान मी पाहिलेच नव्हते म्हणा ना. काठी टेकत सगळ्यांच्या मागून चाललो तर अण्णाने बांध कुठे नवा घातला, कुठल्या पट्ट्यात तूर वाळली, विहिरीची कड कुठे ढासळली, सगळे दिसत गेले. विहिरीपाशी खुर्चीजवळ थांबलो तेव्हा मी त्याला वाळलेल्या तुरीविषयी विचारले. तो म्हणाला, "गेल्या वर्षी बी वाळली होती. तू विचारला नाहीस." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मग तो बराच वेळ बोलला. बँकेचे बोलला, मजुरीचे बोलला, बोअरच्या पाण्याचे बोलला. दोघांपैकी एकालाही खुर्चीवर बसायचे सुचले नाही.

पुढे मोठीचा पाय ढेकळावर पडला. बिंदगे कलंडले नाही, पण अंबील हिंदकळून तिच्या कपाळावरून, कानामागून, नव्या ड्रेसवर आली. ती किंचाळली, मग हसायला लागली, आणि हसल्यामुळे आणखी सांडली. धाकट्याला तर हे वर्षभर पुरेल. आई मागून ओरडली, "सांडू दे गं, वाटंला बी पाहिजेच की!" अर्धे बिंदगे शेतात पोचले. पूजेला तेवढे पुरे झाले. चरगा शिंपडायला मोठी, धाकटा आणि अण्णा गेले. मी कोपीबाहेर उभा राहून त्यांची आरोळी ऐकत होतो. मोठीचा आवाज तिच्या आजोबांसारखा खणखणीत आहे, हे मला माहीत नव्हते.

जेवताना सगळे मातीत मांडी घालून, मी उभा. बाभळीच्या खोडाला टेकून, एका हातात ताट. भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर. शेजारच्या शेतातून बोलावणे आले, त्यांच्याकडची अंबील प्यायलो. त्यांनीही मला बसायला सांगितले नाही. अण्णाने त्यांना आधीच सांगून ठेवले होते वाटते.

मंगळवारी बसवकल्याणला जाऊन आलो, पण त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. किल्ल्यात मी पहिल्या दरवाजापलीकडच्या सपाट जागेपुरता गेलो. चढ मुलांनी पाहिला. चालुक्यांची राजधानी मान्यखेटहून कल्याणला आली ती अकराव्या शतकात. विक्रमादित्य सहावा याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने इथे 'मिताक्षरा' लिहिली. बापाच्या मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून असतो, हे तत्त्व त्या ग्रंथातले. मी ते धाकट्याला सांगितले. त्याने विचारले, "आणि मुलीचा?" मी म्हणालो, त्यासाठी २००५ सालापर्यंत थांबावे लागले, त्या वर्षी कायदा बदलला. मोठी म्हणाली, "बिंदगं तर आधीच मिळालं."

बुधवारी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी परत निघालो. गाडीने हुमनाबादपर्यंत आणि पुढे रेल्वेने, असे ठरवले होते, कारण रेल्वेत उठून चालता येते. वेळ हाताशी होता म्हणून आधी जलसंगीला गेलो. तिथल्या चालुक्यकालीन महादेव मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर एक स्त्री शिलालेख लिहिताना कोरलेली आहे, आणि तो लेख विक्रमादित्य सहावा याच्या स्तुतीचा आहे. भिंतीवर अशा कितीतरी मदनिका, प्रत्येक जण मानेत, कमरेत, गुडघ्यात वळलेली. पूर्वी मी त्यांच्या दागिन्यांकडे बघायचो. या वेळी मनात आले, बायांनो, चौथा-पाचवा मणका सांभाळा. सौ.ला सांगितले तर ती देवळातच मोठ्याने हसली. लिहिणाऱ्या बाईपुढे मोठी बराच वेळ उभी होती. तिने अक्षरे ओळखायचा प्रयत्न केला, जमला नाही. मी एकेक अक्षर दाखवत गेलो. गजर वाजला तो धाकट्याने बंद केला. उभे राहायला वेळेची मर्यादा नव्हती.

जाता जाता हुमनाबादलगतच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीपुढे उभ्यानेच हात जोडले. मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषांत पदे रचणाऱ्या या संताकडे आमच्या दोन्ही घरांचे येणेजाणे आहे. आळंदची सासूबाई आणि मुडबीची आई, दोघी एका ठिकाणी न भांडता बसतात ते हेच.

कलबुर्गी-बीदर रेल्वे २९ ऑक्टोबर २०१७ ला पूर्ण सुरू झाली. आमच्या पिढीने तिची वाट पाहण्यात केस पांढरे केले. डब्यात गर्दी बेताची होती. मी थोडा बसलो, थोडा चाललो. मरगुत्तीजवळच्या दीड किलोमीटरहून लांब बोगद्यात गाडी शिरली तेव्हा धाकट्याने श्वास रोखून पाहिला आणि अर्ध्यातच सोडून दिला. कमलापूर गेले. मी म्हणालो, "हंपीला पुढच्या वर्षी नक्की." तो म्हणाला, "ट्रेननं जाऊ. आणि मध्ये मध्ये उतरू."

कलबुर्गी आले. मोठीने थोरली बॅग फळीवरून काढली, धाकट्याने दुसरी. सौ.च्या हातात डबे. मी उभा राहिलो, रिकामा. तेवढ्यात आईने शेवटच्या क्षणी दिलेली हरभऱ्याच्या डहाळ्यांची पिशवी सीटखाली राहिलेली दिसली. मी वाकलो नाही. मोठीला हाक मारली. तिने पिशवी काढली, माझ्याकडे द्यायला हात पुढे केला आणि थांबली. तिने आईकडे पाहिले.

सौ.ने पिशवी घेतली, हातात तोलून बघितली.

"दीड किलो," ती म्हणाली. "घ्या."